वास्तव्याची मुदत : डॉ. कोटणीसांच्या चीनमधील चार वर्षांविषयी

परदेशी राहणाऱ्या माणसापुढे ठरावीक काळाने एक अर्ज येऊन पडतो. वास्तव्याच्या परवान्याचे नूतनीकरण. देश कोणताही असो, अर्जातील प्रश्न फारसे बदलत नाहीत : कशासाठी आलात, किती काळासाठी आलात, आणि अजून का राहू इच्छिता. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे निघतानाच तयार असतात. तिसऱ्याचे उत्तर मात्र तेथे राहण्यातूनच घडत जाते, आणि ते अर्जातील रकान्यात सहसा मावत नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस (१९१०-१९४२) यांचे चरित्र या तिसऱ्या प्रश्नाच्या अंगाने वाचावे, असे पुष्कळ दिवस मनात आहे. ते चीनला कसे गेले आणि तेथे कसे मृत्यू पावले, हे आपल्याला पाठ्यपुस्तकांमुळे व चित्रपटामुळे ठाऊक असते. ते तेथे राहिले कसे, हा प्रश्न मधल्या मध्ये निसटतो.

जाण्याची हकीकत थोडक्यात सांगता येईल. चिनी सेनानी चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोसांनी त्यासाठी देशाला आवाहन केले. आणि सप्टेंबरच्या आरंभी डॉ. अटल, चोळकर, कोटणीस, बसू व मुखर्जी असे पाच जणांचे पथक मुंबईहून निघाले. पथकाची मुदत एक वर्षाची होती. पासपोर्ट अर्थातच ब्रिटिश सरकारचा. कलकत्त्याहून आधी निवडल्या गेलेल्या एका डॉक्टरांना त्यांच्या राजकीय मतांमुळे पासपोर्ट नाकारला गेला आणि त्यांच्या जागी बसू गेले. ज्या सरकारविरुद्ध काँग्रेस लढत होती, त्याच सरकारने दिलेल्या कागदावर काँग्रेसचे पथक परदेशी गेले, ही विसंगती त्या काळी कोणाला विशेष खटकलेली दिसत नाही. सोलापूरकरांना तर परवानगीचे राजकारण चांगलेच परिचित होते. १९३० च्या मार्शल लॉमध्ये आपल्याच गावात गांधी टोपी घालणेही येथे गुन्हा ठरले होते.

मुदतवाढीचा पहिला प्रसंग अनपेक्षितपणे लवकर आला. पथक अजून येनानलाही पोहोचले नव्हते, तोच चुंगकिंगमध्ये कोटणीसांना वडिलांच्या निधनाची वार्ता कळली. परतण्यास याहून रास्त कारण कोणते असणार? सहकाऱ्यांनीही त्यांना दोष दिला नसता. कोटणीस परतले नाहीत. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथकासह येनानला पोहोचले. या निर्णयाला त्याग म्हणण्याची आपली रीत आहे. मला त्यात सोलापूरच्या घराची बाजू दिसते. कर्ता पुरुष गेलेल्या कुटुंबाने मुलाच्या त्या एका वर्षाचा हिशेब नव्याने कसा मांडला असेल, याची दखल गौरवग्रंथ क्वचितच घेतात.

ते वर्षही सरले. १९३९-४० च्या दरम्यान चोळकर, मुखर्जी आणि अटल एकेक करून मायदेशी परतले. राहिले ते बसू आणि कोटणीस. बसू पुढे येनानमध्ये काम करीत राहिले व १९४३ साली भारतात आले. कोटणीस जपानी फौजांच्या पिछाडीस असलेल्या सीमाभागात राहिले.

येथे पासपोर्टचा विचार पुन्हा करावा लागतो. डिसेंबर १९४१ पर्यंत ब्रिटन व जपान यांच्यात युद्ध नव्हते. जपान्यांच्या लेखी ब्रिटिश प्रजाजन हा तटस्थ देशाचा माणूस होता, आणि कोटणीसांच्या कागदात थोडेफार संरक्षण देण्याची ताकद होती. आठव्या मार्ग सेनेचा गणवेश अंगावर चढवताच त्या कागदाला अर्थ उरला नाही. १९३९ मध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी झालेल्या जंतुसंसर्गाने दगावलेले कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांकडे आले. परदेशी माणसाच्या स्मारकाचा कारभार दुसऱ्या परदेशी माणसाकडे! या नेमणुकीला मुदत नव्हती.

दरम्यान नावही बदलले होते. पथकातील पाचही जणांच्या चिनी नावांच्या शेवटी 'हुआ', म्हणजे चीन, हे अक्षर जोडले गेले. कोटणीस 'के दिहुआ' झाले. नोव्हेंबर १९४१ मध्ये त्यांनी परिचर्या शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला, त्याचे नाव 'यिनहुआ' : यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. या मुलाच्या जन्माची नोंद कोणत्या वकिलातीत करायची होती? त्या डोंगराळ मुलुखात वकिलात नव्हती. नावानेच नोंदीचे काम केले. त्याच वर्षी कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य झाले. अपस्माराचे झटके वाढत होते. उपचारांसाठी तो प्रदेश सोडण्याचा सल्ला त्यांनी मानला नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते गेले.

ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले आणि व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' काढला. चित्रपटाच्या नावातील 'अमर' या शब्दापाशी मी नेहमी अडखळतो. अमराला मुदत नसते; कोटणीसांचे चीनमधले आयुष्य तर मुदतींनीच बांधलेले होते, आणि प्रत्येक मुदत संपताना परतीची वाट उघडी होती. त्यांनी एकदाच मोठा निर्णय घेतला असे मानले, की ते अर्जातल्या एका ओळीत बसतात. प्रत्यक्षात तो निर्णय त्यांना पुन्हा पुन्हा घ्यावा लागला, आणि दरवेळी त्याचे कारण थोडे वेगळे होते.

या हकीकतीची उलट बाजू आपल्याकडे घडली. कोटणीस येनानमध्ये असताना, १९३९ साली, परदेशी नागरिकांच्या नोंदणीचा कायदा हिंदुस्थानात लागू झाला. १९६२ च्या युद्धानंतर भारतात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातील देवळीच्या छावणीत डांबण्यात आले. त्यांत येथेच जन्मलेले अनेक जण होते. सुटून आल्यावरही कित्येकांना नोंदणीचे नूतनीकरण करीत आणि गाव सोडताना पोलिसांची परवानगी घेत वर्षे काढावी लागली. 'अजून का राहू इच्छिता' हा प्रश्न त्यांना विचारला जात होता, तेव्हा कोटणीसांचे गुणगान दोन्ही देशांत काही काळ अवघडच झाले असणार.

पुढे संबंध सुधारले. क्वो छिंगलान अनेकदा भारतात येऊन गेल्या. २००६ मध्ये चीनचे अध्यक्ष हू चिंताओ मुंबईत कोटणीस कुटुंबीयांना भेटले. सोलापुरात भैय्या चौकातील कोटणीसांच्या घराचे स्मारक झाले. १९३९ चा कायदा २०२५ च्या नव्या कायद्याने रद्द झाला आहे. नोंदणी अर्थात चालूच आहे. यिनहुआ वैद्यकीय शिक्षण घेत असताना १९६७ मध्ये चीनमध्येच वारला. त्याच्या नावातील दोन देशांत तेव्हा धड बोलणेही होत नव्हते.