अ‍ॅपल क्रम्बल, रेशनकार्ड आणि आईची हिशेबाची वही



आपल्या या पानावर वाड्यांवर, सरदार घराण्यांवर, गणेशोत्सवावर, नाट्यमंडळांवर पुष्कळ चांगलं लिहून झालं आहे. मी बँकेतला माणूस. बी.कॉम. झालो, १९७३ साली बँकेत चिकटलो आणि अडतीस वर्षं लेजरं पाहिली. म्हणून मी आज स्वयंपाकघरातल्या लेजरबद्दल लिहिणार आहे. निमित्त आहे अ‍ॅपल क्रम्बल नावाचा एक इंग्रजी गोड पदार्थ. इंदूरच्या रामबागेतल्या मराठी घराचा त्याच्याशी काय संबंध, असं वाटेल. संबंध आहे, आणि तो रेशनकार्डावरून आहे.

आधी पदार्थ सांगतो. क्रम्बल म्हणजे चुरा. खाली सफरचंदाच्या फोडी, वर मैदा, लोणी आणि साखर यांचा हाताने चोळून केलेला रवाळ चुरा, आणि मग भट्टीत भाजणं. बस, एवढंच. लाटायचं नाही, वळायचं नाही, अंडं नाही, सोडा नाही.

इंग्रजांचा जुना थाटाचा पदार्थ म्हणजे अ‍ॅपल पाय. त्याला खाली पोळी, वर पोळी, मध्ये सफरचंद. तो सोडून हा चुरा त्यांच्या घराघरात रुजला तो दुसऱ्या महायुद्धात. कारण साधं आहे. विलायतेत गहू, साखर, लोणी मोठ्या प्रमाणावर बाहेरून बोटीने येत असे आणि जर्मन पाणबुड्या त्या बोटी बुडवू लागल्या. ८ जानेवारी १९४० रोजी तिथे लोणी, साखर आणि डुकराचं खारवलेलं मांस रेशनवर गेलं. प्रत्येकाच्या नावाचं पुस्तक, ठरलेला दुकानदार. माणशी आठवड्याला लोणी साधारण २ औंस, म्हणजे ५७ ग्रॅम. साखर ८ औंस, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास. आकडे मधूनमधून बदलत, पण अंदाज यावा. चहाची साखरही त्यातलीच.

आता हिशेब करा. दोन पोळ्यांच्या पायला जेवढं पीठ आणि लोणी लागतं, त्याच्या साधारण निम्म्यात चुरा भागतो. चुऱ्यात थोडी लबाडीही चालते. लोणी कमी असेल तर मार्जरिन घाला, पीठ कमी असेल तर ओट घाला, साखर कमी असेल तर फळ गोड निवडा. पोळीच्या पीठात असा फेरफार केला की ती चिवट होते किंवा फाटते. चुरा मात्र मुळातच फाटलेला असतो. सफरचंदं रेशनवर नव्हती आणि अनेकांच्या परसात झाड होतं. म्हणजे जे फुकट ते जास्त आणि जे मोजून मिळतं ते कमी, अशी त्या पदार्थाची रचना.

पीठसुद्धा पांढरं नव्हतं. १९४२ पासून तिथे ‘नॅशनल’ पीठ सक्तीचं झालं. शंभर किलो गव्हातून पंच्याऐंशी किलो पीठ काढायचं, म्हणजे थोडा कोंडा त्यातच राहायचा. लोक करड्या पावाला नावं ठेवत. आपल्याकडे मैदा घेऊन क्रम्बल करतात, पण युद्धातला क्रम्बल आपल्या चाळलेल्या कणकेच्याच जवळचा होता, हे मला वाचून गंमत वाटली.

त्या खात्याचे मंत्री होते लॉर्ड वूल्टन. राजकारणात येण्याआधी ते मोठ्या दुकानांच्या कंपनीचे कारभारी होते. दुकान चालवलेला माणूस अन्नमंत्री झाला, हे मला कॉमर्सवाला म्हणून फार पटतं. त्यांच्या खात्याने नुसतं मोजून दिलं नाही, मिळालेल्यात काय करायचं तेही शिकवलं. पत्रकं छापली, वर्तमानपत्रांत कृती दिल्या. बी.बी.सी.वर सकाळी सव्वाआठला ‘किचन फ्रंट’ नावाचा पाच मिनिटांचा कार्यक्रम लागे. रेशनिंग चौदा वर्षं चाललं, ४ जुलै १९५४ ला संपलं. साखर त्याआधीच, १९५३ मध्ये मोकळी झाली होती. लोणी-साखर भरपूर आली, तरी क्रम्बल गेला नाही. आज तो तिथे रविवारच्या जेवणानंतरचा घरचा पदार्थ आहे.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरं नाही. ज्या १९४३ मध्ये विलायतेत श्रीमंत-गरीब सगळ्यांना सारखं रेशन मिळत होतं, त्याच साली त्याच साम्राज्यातल्या बंगालमध्ये माणसं रस्त्यावर मरत होती. सरकारच्याच चौकशी आयोगाने मृतांचा आकडा पंधरा लाख धरला. नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज तीस लाखांपर्यंत जातात. मुंबईत रेशनिंग सुरू झालं तेही १९४३ मध्येच. तेव्हा क्रम्बलचं कौतुक करावं, पण खात्याची दुसरी बाजूही वाचावी.

आता आपल्याकडे येतो. आमचं घर होळकरांच्या चाकरीत आलेलं, माझी पिढी सहावी. १९६५ आणि १९६६, लागोपाठ दोन वर्षं पाऊस दगा देऊन गेला. लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी एक वेळ उपास करायला सांगितलं, ते माझ्या वयाच्या सगळ्यांना आठवत असेल. आमच्या घरी नऊ माणसं, मिळवते वडील एकटे. मी पंधरा वर्षांचा. पिशवी आणि कार्ड घेऊन रांगेत उभं राहणं हे माझं काम. माळव्याचा गहू म्हणजे सोनं, आणि त्याच माळव्यात आम्ही रेशनचा लाल गहू आणत होतो. १९५६ च्या पी.एल. ४८० करारापासून अमेरिकेचा गहू देशात येत होता. १९६६ साली तर बाहेरून आलेलं धान्य एक कोटी टनांच्या घरात गेलं. त्या लाल गव्हाच्या पोळ्या चिवट व्हायच्या. आजी म्हणायची, “ही पोळी आहे का चपलेचा तळ?”

आई हिशेबाची वही ठेवायची. ती वही माझ्याकडे आहे. निळ्या शाईतलं बारीक अक्षर, आकडे सरळ रेषेत. आमच्या बँकेतल्या काही कॅशियरांची पानं इतकी स्वच्छ नसायची. किती साखर आली, किती राहिली, डालडा किती, रॉकेल किती, सगळं आहे. एका जागी नुसतं लिहिलंय, “साखर संपली. पाहुणे आले. गूळ.” तीन वाक्यांत अख्खी संध्याकाळ.

सफरचंद त्या वहीत कुठे येतं हे मी शोधलं. ते फक्त ‘औषध’ या सदरात सापडतं. तुमच्याकडेही असंच असेल. सफरचंद म्हणजे आजाऱ्याचं फळ. दवाखान्यात भेटायला जाताना न्यायचं. गवताच्या लाकडी पेटीतून काश्मीरहून आलेलं, कागदात गुंडाळलेलं. हिमाचलचं नंतर वाढलं. तिथे कोटगढच्या बाजूला अमेरिकेहून आलेले सॅम्युअल स्टोक्स यांनी १९१६ च्या सुमारास ‘रेड डिलिशस’ जातीची कलमं लावली. लाल, गोड, दिसायला देखणं. हे गृहस्थ पुढे स्वातंत्र्य चळवळीत तुरुंगात गेले आणि सत्यानंद झाले. पहाडातले रस्ते आणि ट्रक वाढले तशी ही पेटी आमच्या मंडीत स्वस्त होत गेली आणि सफरचंद ‘औषध’ मधून ‘फळे’ मध्ये आलं.

आणि भट्टी? मराठी घरात चूल होती, शेगडी होती, ओव्हन नव्हता. दिवाळीत नानकटाईचे पत्रे डोक्यावर घेऊन बायका बेकरीत जायच्या, नंबर लावून भाजून आणायच्या. १९८१ मध्ये माझी बदली महूला झाली. महू म्हणजे लष्करी छावणी. महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव झाला, १८१८ च्या जानेवारीत मंदसौरचा तह झाला आणि त्यानंतर इंग्रजांनी ही छावणी वसवली. आपल्या इतिहासात महू येतं ते या पराभवामुळे आणि बाबासाहेबांच्या जन्मस्थानामुळे. पण बेकऱ्या, केक, मेसमधली पुडिंगं हीही त्याच छावणीची पैदास. आमच्या शाखेच्या खातेदार, एका निवृत्त कर्नलसाहेबांच्या पत्नी, मूळच्या साताऱ्याकडच्या. त्यांनी आमच्या सौभाग्यवतींना क्रम्बल शिकवला. त्यांना तो मेसच्या खानसाम्याने शिकवलेला. त्याच वर्षी दिवाळीला बँकेचा फेस्टिव्हल अ‍ॅडव्हान्स उचलून आम्ही अ‍ॅल्युमिनियमचा गोल ओव्हन घेतला, झाकणाला काचेची खिडकी असलेला. दहा हप्त्यांत कापून गेला.

घरी पहिल्यांदा करायचा ठरला तेव्हा किलोभर सफरचंदं पाहून आईने विचारलं, “कोण आजारी आहे?” मग ती ओव्हनसमोर पाट घेऊन बसली. सौ. मैदा-लोणी चोळत होती ते पाहून म्हणाली, “मोहन जास्त झालंय, मुठीत वळून बघ.” सौ. म्हणाली, “आई, याला जास्तच लागतं.” खाऊन झाल्यावर आई म्हणाली, “हा तर चुरमाच आहे. बाफल्याऐवजी सफरचंदावर घातलेला.” आमच्याकडे दाल-बाफल्याच्या जेवणात चुरमा असतोच, त्यामुळे तिला परका वाटला नाही. तेव्हापासून आमच्या घरात त्याचं नाव ‘सफरचंदाचा चुरमा’.

कृती देतो, वजनाने देतो. सहा मध्यम सफरचंदं, सुमारे एक किलो. साल काढून मोठ्या फोडी करा. इंग्रज यासाठी ब्रॅमली नावाचं वेगळं आंबट सफरचंद वापरतात. साउथवेल गावात १८०९ मध्ये एका मुलीने पेरलेल्या बीपासून ते आलं. शिजलं की मेणासारखं विरघळतं. आपलं गोड सफरचंद तसं विरघळत नाही आणि आंबटपणाही कमी, म्हणून एका लिंबाचा रस आणि दोन चमचे साखर चोळा. दालचिनी चिमूटभर, किंवा सौ. घालते तशी जायफळ-वेलची. फोडी पसरट भांड्यात घालून झाकून दहा मिनिटं वाफवल्या तर बरं.

चुऱ्यासाठी २०० ग्रॅम मैदा किंवा चाळलेली कणीक, १०० ग्रॅम गार लोणी, ७५ ग्रॅम साखर, चिमूट मीठ. लोण्याचे तुकडे पिठात टाकून बोटांच्या टोकांनी चोळा, तळहाताने नको, लोणी वितळतं. पिठाच्या कणांभोवती स्निग्धाचा थर बसतो, पाणी नसतं, म्हणून चिकटपणा येत नाही आणि चुरा खुसखुशीत होतो. शंकरपाळ्याच्या मोहनाचं शास्त्र तेच. रव्यासारखं दिसलं की साखर मिसळा. फोडींवर सैल पसरा, दाबू नका. १८० अंशावर ३५ ते ४० मिनिटं, कडेने रस बुडबुडून वर आला आणि वरून बदामी झालं की काढा. दहा मिनिटं थांबून खा. आता मला डॉक्टरांचं रेशन आहे, साखर निम्मी आणि वाटी एकच. चुरा तेवढाच खुसखुशीत होतो.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते सांगतो. विलायतेतल्या बायकांनी टंचाईत काय केलं ते आपल्याला माहीत आहे, कारण ते छापलं गेलं. पत्रकं आहेत, कृती आहेत, वजनं आहेत. म्हणून त्यांचा चुरा इतिहासात गेला. माझ्या आईची वही अख्खी शाबूत आहे, पण तिच्यात एकही कृती नाही. काय आलं आणि काय संपलं ते आहे. मध्ये तिने काय केलं, ते नाही. बँकेच्या भाषेत सांगायचं तर शिल्लक जुळते, व्हाउचर गायब.

म्हणून गेल्या महिन्यात मी मोठ्या वहिनींकडे जाऊन बसलो. वय ८६, ऐकायला कमी येतं, पण स्वयंपाकाचं सगळं लख्ख. पहिले म्हणाल्या, “त्यात काय लिहायचंय भाऊजी? सगळ्याच करत होत्या.” मग मात्र दोन तास बोलल्या. लाल गव्हाची कणीक कोमट पाण्यात तासभर आधी भिजवून ठेवायची आणि लाटण्याआधी पुन्हा मळायची, म्हणजे पोळी मऊ राहायची. आम्हाला वाटायचं, गहू सुधारला! पोळ्या उरल्या की दुसऱ्या दिवशी दुपारी गोड कुस्करा मिळायचा. त्याचंही माप त्यांना विचारून घेतलं. मूठ म्हणाल्या की मी वाटी पुढे करत होतो.

आपल्या घरांतून ही माणसं आता थोडीच राहिली आहेत, पंच्याऐंशीच्या पुढची. सरदारांची कागदपत्रं पुण्याच्या दफ्तरात सुरक्षित आहेत. यांची नाहीत. तेव्हा यंदा दिवाळीला त्यांच्याजवळ बसा, माप विचारा आणि इथे लिहा. सुरुवात माझ्याकडून.

गोड कुस्करा, इंदूर, १९६६. शिळ्या पोळ्या सहा, हाताने बारीक कुस्करून. गूळ मोठ्या लिंबाएवढा, किसून. डालडा एक चमचा, कढईत गरम करून त्यात गूळ नुसता विरघळू द्यायचा, पाक नको. मग पोळीचा चुरा, दोन मिनिटं परतून झाकण. असलं तर खोबरं. माणसं नऊ.