आवृत की आवृत्त?

'प्लीज प्लीज मी' ही बीटल्सची १९६३ सालची पहिली लाँगप्ले तबकडी. तिच्यावरच्या १४ गाण्यांपैकी ८ त्यांची स्वतःची, ६ दुसऱ्यांची. पहिली 'ओरिजिनल', दुसरी 'कव्हर'. ओरिजिनलचे कूळ सरळ आहे: लॅटिन 'ओरिरी' म्हणजे उगवणे, संस्कृतातला गतिवाचक 'ऋ' धातू त्याचा भाऊबंद असावा. कोडे आहे ते कव्हरचे.

लॅटिन 'कोऑपेरीरे', म्हणजे पुरते झाकणे, फ्रेंचमधून इंग्रजीत आले. त्याच्या पोटात दडलेला धातू आपल्या 'आवरणा'तला 'वृ'च दिसतो. पण दुसऱ्याचे गाणे गाताना झाकायचे काय? अमेरिकेत एका कंपनीची तबकडी खपू लागली की दुसरी कंपनी तेच गाणे आपल्या गायकाकडून गाऊन घेई. बाजाराची तेवढी बाजू झाकून घेणे, हा मूळ अर्थ असावा. मूळ तबकडीच झाकून टाकणे, असाही लावता येतो. 'ट्विस्ट अँड शाउट' १९६१मध्ये टॉप नोट्सनी गायले, १९६२मध्ये आयस्ली ब्रदर्सनी. कानांत बसले आहे ते बीटल्सचे.

संस्कृतात 'वृ'पासून 'आवृत' म्हणजे झाकलेले, आणि 'वृत्'पासून 'आवृत्त' म्हणजे पुन्हा फिरून आलेले. धातू वेगळे, फरक एका जोडलेल्या 'त'चा! कव्हर या दोन शब्दांच्या मधोमध उभे आहे असे मला फार वाटते.

आपल्याकडची जोडी अस्सल आणि नक्कल. दोन्ही अरबी. अक्ल-अक्कल, शक्ल-शक्कल, तसेच अस्ल-अस्सल, नक्ल-नक्कल. मधले व्यंजन दुहेरी करण्याची मराठीची ही सवय मोठी गोड आहे. 'अस्ल' म्हणजे मूळ, झाडाचेसुद्धा. 'नक्ल' म्हणजे मात्र एका जागेहून दुसरीकडे वाहून नेणे. प्रत काढणे हा पुढचा अर्थ दिसतो. इराणात शाहनाम्यातल्या कथा रंगवून सांगणारा तो 'नक्काल', आणि तिथे तो मानाचा कलावंत. आपण 'नकली' करून त्या शब्दाची पत घालवली. एका ठिकाणी ती शाबूत आहे: जमिनीच्या उताऱ्याखालच्या शेऱ्यात. 'अस्सल बरहुकूम खरी नक्कल'. नक्कल, आणि तरी खरी.

बीटल्सनी गाणी वाहून नेली ती याच अर्थाने असावीत. १९६४च्या 'अ हार्ड डेज नाइट'वर १३च्या १३ गाणी त्यांची. त्याच वर्षअखेरच्या 'बीटल्स फॉर सेल'वर पुन्हा ८ आणि ६.