उंबरठ्यावरचा राक्षस

आजचा भाग एका कुरूप चेहऱ्यावर.

पिंपळनेरला आमच्या नव्या घराचा स्लॅब पडला, तेव्हा आजीने समोर राक्षसाचा मुखवटा टांगला. लाल जीभ, बाहेर आलेले डोळे. वास्तुशांतीला पुण्याहून ऑफिसचे मित्र येणार, मला लाज वाटली. आजी म्हणाली, "ऱ्हाऊ दे. नजर त्याले लागू दे, घरले नको." मी तरी काढलाच. आजी दिवसभर बोलली नाही.

पुढे अजिंठ्याला गेलो, तर लेण्यांच्या खांबांवर तसलाच चेहरा! त्याचं नाव कीर्तिमुख. यादवकाळातल्या देवळांच्या उंबरठ्यावरही तो असतो. पुराणातली गोष्ट अशी: जालंधराचा दूत म्हणून राहू शंकराकडे पार्वतीला मागायला आला. शंकराच्या कपाळातून एक भुकेला राक्षस निघाला. राहू शरण आला, शंकराने त्याला सोडलं. मग राक्षसाने खायचं काय? शंकर म्हणाला, स्वतःलाच खा. त्याने हात, पाय, धड सगळं संपवलं, फक्त तोंड उरलं. शंकर खूश झाला आणि त्याला दारावर मानाची जागा दिली.

आता चीनला चला. तिथे शांग राजवटीत, म्हणजे साधारण इ.स.पू. 1600 ते 1046, पितरांना अन्न-मद्य वाहायच्या काशाच्या भांड्यांवर असाच चेहरा आहे: मोठे डोळे, शिंगं, बऱ्याचदा खालचा जबडाच नाही. त्याला पुढे 'ताओतिए' नाव पडलं. इ.स.पू. 239 च्या सुमारास तिथला एक ग्रंथ सांगतो, याला डोकं आहे, धड नाही. माणूस गिळायच्या आतच त्याचा स्वतःचाच नाश झाला. दोन्ही चेहऱ्यांचा थेट संबंध सिद्ध झालेला नाही, पण साम्य बघा! फरकही बघा. चिनी ग्रंथात तो हावरटपणाचा धडा आहे, आपल्याकडे तीच भूक आज्ञा पाळून राखणदार झाली.

म्हणजे हे कुरूप चेहरे कारागिराची चूक नव्हती. देखण्या सुरसुंदरी घडवणाऱ्यांनीच हेही घडवले. सुंदर मूर्तीकडे आपण बघतो, पण हा चेहरा आपल्याकडे बघतो. दारावर तोच हवा. मी फोटोत घर चांगलं दिसावं म्हणून राखणदारच हटवला होता.

दिवाळीला माळ्यावरून मुखवटा काढून मीच परत टांगला. आजी खालून एवढंच म्हणाली, "सरळ लाव."

तुमच्या गावच्या देवळाचा उंबरठा ओलांडण्याआधी एकदा खाली बघा. चेहरा दिसला तर फोटो पाठवा. भेटू पुढच्या भागात!