धून घराघरांत, पैसे एकदाच

मुंबईहून संध्याकाळी सुटणारी विदर्भ एक्स्प्रेस दुसऱ्या दिवशी गोंदियाला पोचते आणि तिथेच संपते. मी या शेवटच्या स्टेशनच्या गावचा. मुंबईतली कुठलीही गोष्ट आमच्याकडे यायला एक रात्र लागते. दूरदर्शनच्या धुनेला ती कधीच लागली नाही. ती दादरला आणि गोंदियाला एकाच क्षणी वाजायची.

तुमच्या आईबाबांना 'भारत एक खोज' आठवतेय का, विचारून बघा. १४ नोव्हेंबर १९८८ ला सुरू झालेली श्याम बेनेगल यांची ५३ भागांची मालिका. सुरुवातीला ऋग्वेदातलं नासदीय सूक्त, त्यासोबत वसंत देव यांनी केलेला हिंदी अनुवाद, दोन्ही समूहस्वरात. शब्द कळोत न कळोत, ऐकणारा गप्प व्हायचा. ही धून बांधणाऱ्याचं नाव मात्र फार थोड्यांना सांगता येईल: वनराज भाटिया.

भाटियांचा जन्म १९२७ चा, मुंबईतल्या कच्छी कुटुंबातला. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये आणि नंतर पॅरिसला नादिया बूलांजे यांच्याकडे ते शिकले. फिलिप ग्लास आणि क्विन्सी जोन्स हेही याच बाईंचे विद्यार्थी. १९५९ मध्ये भाटिया परत आले, तेव्हा पाश्चात्त्य पद्धतीने संगीत लिहिणाऱ्याला इथे पोट भरण्याइतकं काम नव्हतं. काही वर्षं त्यांनी दिल्ली विद्यापीठात शिकवलं. घर चालवलं ते जाहिरातींनी. लिरिल साबणाच्या 'ला ला ला'सह त्यांनी हजारो जिंगल्स केल्या. १९७४ मध्ये 'अंकुर'पासून सिनेमा सुरू झाला, मग 'खानदान'सारख्या मालिका आल्या. 'तमस'च्या संगीताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

टीव्हीची धून ही तशी हाकच. स्वयंपाकघरातल्या माणसाला अर्ध्या मिनिटात बाहेरच्या खोलीत आणून बसवायचं हे तिचं काम. पण मालिका पुन्हा दाखवली, कॅसेट निघाली किंवा ती इंटरनेटवर आली, तर धून बांधणाऱ्याला काय मिळतं?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर, पैसे देऊन काम करवून घेणारा निर्माताच मालक. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सिनेसंगीताबाबत निर्मात्यांच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे एकदा मानधन घेतलं की विषय संपला. २०१२ मध्ये कायदा बदलला. त्यानंतर सिनेमागृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला संगीतकाराचा वाटा कराराने काढून घेता येत नाही.

त्याच २०१२ मध्ये भाटियांना पद्मश्री मिळाली. सात वर्षांनी, २०१९ मध्ये, बातमी आली की त्यांच्या खात्यात पैसे उरलेले नाहीत आणि घरातली कपबशी विकायची वेळ आली आहे. मदतीला लोक धावले. ७ मे २०२१ ला ते गेले. म्हातारपणी हात रिकामे होण्यामागे एकच कारण नसतं, हे मला मान्य आहे. पण ज्याच्या धुना रोज देशभर वाजल्या, त्याला मदतीची वाट बघावी लागणं ही नुसती नशिबाची गोष्ट नाही. त्यात त्या व्यवहाराचाही वाटा आहे.

आज हा प्रश्न तुमच्यापर्यंत आला आहे. १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर आला, तेव्हा ते यंत्र म्हणजे भिंतीएवढं अप्रूप होतं. पुढे कीबोर्ड आला आणि स्टुडिओ भरून वादक लागायचे तिथे एकाच माणसाचं भागू लागलं. आता तर गोंदियात, आमगावात, देवरीत बसून कुणीही फोनवर वेबसिरीजची धून बनवू शकतो. यंत्र स्वस्त झालं, मुंबईची रात्रही वाचली. करार मात्र अजून तसेच येतात: 'सर्व हक्क कायमचे आमचे.'

धून पाठवण्याआधी ती ओळ वाचा. मानधन किती, हे तर आपण विचारतोच. ती पुन्हा वाजली तर काय, हेही विचारा.