प्रतिमासंचाचे ई-पुस्तकात रूपांतर

पुस्तकाच्या पानांच्या स्कॅन केलेल्या किंवा मोबाइलने टिपलेल्या प्रतिमा एकत्र बांधून त्यांचे पडद्यावर वाचता येईल असे पुस्तक करण्याची प्रक्रिया. कच्चा माल म्हणजे बहुधा जेपीजी प्रतिमांचे फोल्डर, झिप फाइल किंवा चित्रकथांसाठी रूढ झालेली सीबीझेड अथवा सीबीआर फाइल. तयार होणारे पुस्तक ईपब, पीडीएफ किंवा किंडलला चालणाऱ्या स्वरूपात असते.

सिडकोने वसवलेल्या आणि २०१६ पासून पनवेल महानगरपालिकेत असलेल्या कामोठ्यासारख्या उपनगरात या कामाची गरज घरोघरची आहे. गावाकडचे घर बंद करताना आणलेल्या पोथ्या, आजोबांच्या वह्या आणि दिवाळी अंकांची बाडे दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये माळ्यावर जातात. खाडीकाठची पावसाळी दमट हवा कागदाला बुरशी आणते आणि शिलाई सोडवते. अशा वेळी घरातले कोणीतरी पानापानांचे फोटो काढून ठेवते. काम तिथेच थांबले, तर हाती राहतो तो फोटोंचा गठ्ठा. त्यात पानांचा क्रम पक्का नसतो, शोध घेता येत नाही आणि मोठी अक्षरे करून वाचणेही जमत नाही.

बांधणीचा भाग सोपा आहे. सीबीझेड म्हणजे क्रमाने ठेवलेल्या प्रतिमांची साधी झिप फाइल. नावातला शेवटचा भाग बदलला की ती झिप म्हणून उघडते. सीबीआरमध्ये झिपच्या जागी रार असते. ईपबसुद्धा आतून झिपच असते, पण तिचे नियम कडक आहेत. आपण कोण आहोत हे सांगणारी छोटी फाइल तिच्यात सर्वांत आधी आणि न दाबता ठेवावी लागते; शिवाय पुस्तकाचे नाव, भाषा आणि पानांचा क्रम सांगणारी फाइल, आणि मजकूर व चित्रे लागतात. २०११ साली आलेल्या ईपबच्या तिसऱ्या आवृत्तीत पानाची मांडणी जशीच्या तशी पक्की ठेवण्याची सोय पुढे अधिकृत झाली. चित्रकथा आणि बालपुस्तके यांना ती मानवते. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सुरू केलेली कॅलिबर ही मोफत प्रणाली सीबीझेड आणि सीबीआर सरळ स्वीकारते व त्यांचे ईपब करून देते. प्रतिमांना नावे देताना मात्र ००१, ००२ असे आकडे द्यावेत. नुसते १, २ दिल्यास अनेक प्रणाली १ नंतर १० आणि मग २ असा क्रम लावतात.

खरी कसोटी प्रतिमा दाबण्याच्या पद्धतीची आहे. ए-५ आकाराचे पान ३०० डीपीआयने, म्हणजे दर इंचाला ३०० बिंदू धरून, रंगीत स्कॅन केले, तर न दाबता ते सुमारे १३ एमबी होते, म्हणजे दोनशे पानांचे पुस्तक अडीच जीबीच्या वर जाते. म्हणून दाबणे अटळ. १९९२ साली प्रमाणित झालेली जेपीजी पद्धत चित्राचे ८ × ८ बिंदूंचे चौकोन पाडून बारीक तपशील टाकून देते. छायाचित्राला ते खपते, छापील अक्षराला नाही. अक्षराच्या कडेभोवती धूसर ठिपके उमटतात. देवनागरीत याचा फटका मोठा, कारण शिरोरेषेच्या वर अनुस्वाराचे टिंब असते. ३०० डीपीआयला ते जेमतेम चार-पाच बिंदूंचे भरते. तेच पान १०० डीपीआयवर आणले की टिंब आणि कागदावरचा डाग यांत फरक उरत नाही. मजकुराच्या पानांना त्यामुळे पीएनजी किंवा काळ्या-पांढऱ्या टिफची ग्रुप ४ ही पद्धत बरी. त्यांत काहीच गमावले जात नाही आणि फाइलही लहान होते. १९९८ च्या सुमारास एटी अँड टी प्रयोगशाळेत घडलेल्या डेजाव्यू पद्धतीने अक्षरे आणि कागदाची पार्श्वभूमी वेगळी करून दाबण्याचा मार्ग काढला.

सारखी दिसणारी अक्षरे एकदाच साठवणाऱ्या जेबिग-२ पद्धतीबाबत अधिक सावध राहावे. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिले, की झेरॉक्सच्या काही यंत्रांतून निघालेल्या प्रतींत याच पद्धतीमुळे आकडे बदलत होते. ६ च्या जागी ८ येत होता, आणि तोही अगदी स्वच्छ छापलेला. घ-ध, भ-म, थ-य अशा जोड्या असलेल्या लिपीत ही जोखीम पत्करू नये.

प्रतिमांतून अक्षरे ओळखून मजकूर काढला, की पुस्तकात शोधता येते आणि अक्षर लहानमोठे करता येते. २००५ पासून मुक्त असलेल्या टेसरॅक्ट या अक्षरे ओळखणाऱ्या प्रणालीला मराठी येते. पण १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम येण्यापूर्वीच्या पुस्तकांत ‘घरांत’, ‘तीं मुलें’ असे अनुस्वार जागोजागी असतात, आणि आजच्या मराठीवर शिकलेली प्रणाली ते गाळते किंवा भलतीकडे देते. इथे माणसाच्या नजरेला पर्याय नाही. मराठी विकिस्रोतावर पानाची प्रतिमा एका बाजूला व मजकूर दुसऱ्या बाजूला ठेवून एकाने तपासलेले पान दुसऱ्याने पडताळायचे, अशी पद्धत आहे. पूर्ण झालेले पुस्तक तिथून ईपब म्हणून उतरवता येते. घरगुती कामालाही हीच शिस्त लावावी आणि मूळ प्रतिमा कधीही पुसू नयेत.

सगळ्याच पुस्तकांचा मजकूर काढण्याची गरज नसते. बालभारतीने १९७१ मध्ये सुरू केलेल्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक पीडीएफ रूपात खुले आहेत. त्यांत चित्र आणि मजकूर एकमेकांत गुंफलेले असल्याने पान जसेच्या तसे दिसणे योग्यच. अशा फाइलीत प्रतिमेखाली अदृश्य मजकुराचा थर ठेवला, तर दिसणे आणि शोधणे दोन्ही साधते. दृष्टिहीन वाचकाला नुसत्या प्रतिमांचे पुस्तक कोरेच असते, कारण मोबाइलला वाचून दाखवण्यासारखे त्यात काही सापडत नाही. त्यासाठी मजकूर हवा, आणि पुस्तकाची भाषा मराठी असल्याची नोंद फाइलीत हवी. नाहीतर उच्चार करणारी प्रणाली ते हिंदी समजून वाचू शकते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर भारतीय कॉपीराइट कायदा अपंग वाचकांसाठी अशा सुलभ प्रती करण्याची मुभा देतो. २०१६ पासून चालू असलेले ‘सुगम्य पुस्तकालय’ अशीच पुस्तके पुरवते.

इतरांना वाटण्यासाठी मात्र हक्क पाहावा लागतो. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकावरील हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तके २०११ च्या आरंभापासून सर्वांना खुली आहेत; पु. ल. देशपांडे २००० साली गेले, त्यांच्या पुस्तकांवरील हक्क २०६० च्या अखेरीपर्यंत चालेल. आजोबांच्या अप्रकाशित वहीचा हक्क सहसा वारसांकडे असतो, तेव्हा तिचे ई-पुस्तक सगळ्या भावंडांच्या संमतीने करावे.