वनसहली, अमरावती-अकोला परिसरातील

अमरावती व अकोला या वऱ्हाडातील शहरांतून सकाळी निघून दिवेलागणीपर्यंत परतता येते अशा डोंगर, किल्ले, जंगल व तलावांवरील सहली. उत्तरेला सातपुड्याची गाविलगड रांग, मधे पूर्णा खोऱ्याची काळी सपाट जमीन, दक्षिणेला अजिंठा रांगेचे फाटे अशी येथील रचना आहे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि सागाचे जंगल निष्पर्ण होते. त्यामुळे पायी भटकंतीचा हंगाम पावसाळ्यापासून थंडी सरेपर्यंतचा.

रानात जाऊन जेवण्याची चाल वऱ्हाडात जुनी आहे. कार्तिकात आवळीखाली भोजन, थंडीत शेतावर हुरडा आणि देवस्थानापाशी रोडग्यांचा स्वयंपाक. कणकेचे हे जाड गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजतात, राख झटकून फोडतात आणि वरून तूप सोडतात. सोबत वांग्याची झणझणीत भाजी व वरण. तेल्हारा तालुक्याच्या सीमेवर वाण नदीकाठी असलेले वारी हनुमान हे अशा सहलींचे आवडते ठिकाण.

किल्ल्यांत नरनाळ्याला तोड नाही. अकोटच्या उत्तरेस शहानूर गावातून वर जाता येते. १४८७ मध्ये इमादशाहीचा संस्थापक फतहउल्ला इमाद-उल-मुल्क याच्या काळात उभारलेला महाकाली दरवाजा हे येथील शिल्पवैभव. फिकट वालुकाश्मात कोरलेली कमळे, दोन्ही बाजूंचे सज्जे व त्यांच्या नाजूक जाळ्या आणि कमानीवरचा लेख नीट पाहायचा तर इथे घाई करून चालत नाही. पुढे नऊगजी तोफ व शक्कर तलाव आहेत. गड अभयारण्यात असल्याने वनखात्याने ठरवलेल्या वाटा सोडून फिरता येत नाही.

अमरावतीहून परतवाडामार्गे चिखलदरा (१,११८ मी.) गाठता येते. धुके, धबधबे आणि कॉफीच्या बागा यांसाठी ते प्रसिद्ध असले, तरी खरी पायपीट शेजारच्या गाविलगडावर होते. १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनानी आर्थर वेलस्लीच्या फौजेने तो जिंकला. किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला. तटबंदी एवढी विस्तीर्ण आहे, की अर्ध्या दिवसात गड पुरता पाहून होत नाही. वाटेत परतवाड्याहून आत वळले, की मध्य प्रदेशच्या हद्दीतील मुक्तागिरीची जैन मंदिरे व धबधबा लागतो.

या डोंगरांचा मोठा भाग मेळघाट व्याघ्र प्रकल्पात येतो. देशात १९७३-७४ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी हा एक. नामशेष झाला असे समजला गेलेला रानपिंगळा हा घुबडाच्या जातीचा पक्षी १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला आणि पुढे मेळघाटातही आढळला. वैशाखी पौर्णिमेला पाणवठ्याजवळच्या मचाणावर रात्र काढण्याचा 'निसर्गानुभव' हा येथील उपक्रम लोकप्रिय आहे. मात्र केलपाणी, गुल्लरघाट यांसारखी कोरकू आदिवासींची गावे या जंगलातून उठवण्यात आली, हे मेळघाट पाहणाऱ्याने विसरू नये. आज जिथे हरणे चरताना दिसतात, अशा काही कुरणांच्या जागी पूर्वी वस्त्या होत्या.

शहरातून थेट डोंगरापर्यंत रेल्वे असणे ही सहलीची मोठी सोय: टोकियोत शिंजुकूहून रेल्वेने तासाभरात ५९९ मीटर उंचीच्या ताकाओ डोंगराच्या पायथ्याशी उतरता येते. अकोल्यालाही अशी सोय होती. खंडव्याकडे जाणारी मीटरगेज गाडी वाण रोडनंतर जंगलातून धावे आणि धूळघाटाजवळ रूळ वेटोळे घेऊन स्वतःलाच वरून ओलांडत. रुंदीकरणासाठी २०१७ मध्ये हा मार्ग बंद झाला. नवा मार्ग व्याघ्र प्रकल्पाबाहेरून नेण्याचे ठरले. एक सुंदर प्रवास संपला, तरी वाघांच्या दृष्टीने हेच योग्य.

दूर जायला सवड नसेल तर अमरावतीकरांना वडाळी व छत्री तलाव जवळ आहेत. पलीकडे पोहरा-मालखेडचे जंगल पसरले आहे. तिथल्या बिबट्यांचा वावर शहराच्या कडेपर्यंत असल्याने भल्या पहाटे एकट्याने जाऊ नये. अकोलेकरांसाठी काटेपूर्णा अभयारण्य (स्थापना १९८८) सोयीचे. चौशिंगा हे त्याचे वैशिष्ट्य, आणि ज्या जलाशयाभोवती ते आहे त्याचेच पाणी अकोला शहराला मिळते.