साधी मोटारसायकल ‘क्लासिक’ कशी झाली?

इतिहास म्हटलं की आपल्याला किल्ले, तह आणि सनावळ्या आठवतात. आज आपण एका मोटारसायकलीचा इतिहास बघणार आहोत. विषय हलका वाटेल, पण या गाडीच्या गोष्टीत इंग्लंडचे बुडालेले कारखाने आहेत, आपलं परमिट राज आहे, आणि ‘एखादी जुनी गोष्ट जपली म्हणजे नेमकं काय जपलं?’ हा प्रश्नही आहे.

सुरुवात एका प्रसंगाने करू. आम्हा तिघा मित्रांत मिळून १९८३ सालची एक बुलेट आहे. मागच्या हिवाळ्यात ती घेऊन आम्ही पुण्याहून वाईला निघालो. सोबत आमच्यातल्या एकाची पुतणी होती, तिच्या नव्या क्लासिक ३५० वर. गाडी घेऊन तिला जेमतेम दोन महिने झाले होते. वाटेत चहाला थांबलो, तर टपरीवरचे एक आजोबा उठून आले. तिच्या गाडीच्या टाकीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “जुनी गाडी फार छान जपलीय हो!” शेजारी आमची खरीखुरी जुनी गाडी खाली तेलाचे थेंब टाकत उभी होती. तिच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

आम्ही हसलो खरे, पण प्रश्न मनात राहिला. दोन महिन्यांची गाडी ‘जुनी’ कशी दिसते? आणि चाळीस वर्षांच्या गाडीत असं काय आहे, जे त्या दिसण्यात उतरलेलं नाही?

आधी एक शब्द समजून घेऊ. अशा गाडीला जगभर ‘स्टँडर्ड’ म्हणतात. सरळ पाठीने बसायचं, हँडल हाताशी येतं, पाय गुडघ्याखाली सहज टेकतात, पुढे वारा अडवणारं प्लॅस्टिकचं आवरण नाही, इंजिन उघडं दिसतं. गंमत अशी, की या गाडीला मुळात वेगळं नाव नव्हतंच. तीच मोटारसायकल. मसाला डोसा आल्यावर ‘साधा डोसा’ म्हणावं लागलं, गिअरची सायकल आल्यावर ‘साधी सायकल’ म्हणावं लागलं, तसंच इथे झालं. १९६९ साली होंडाने चार सिलिंडरची सीबी ७५० आणली. त्यानंतरच्या काळात शर्यतीसारख्या वाकून चालवायच्या गाड्या वेगळ्या, लांबच्या प्रवासाच्या वेगळ्या, पाय पुढे ताणून बसायच्या वेगळ्या, अशा जाती पडत गेल्या. जी उरली ती स्टँडर्ड. आपल्याकडे तर बुलेटच्या एका मॉडेलचं नावच ‘स्टँडर्ड’ होतं.

आता बुलेटच्या जन्मगावी जाऊ. इंग्लंडमधलं रेडिच हे गाव पूर्वी सुयांसाठी प्रसिद्ध होतं. तिथल्या एका सायकल कंपनीला एनफिल्ड इथल्या सरकारी बंदूक कारखान्यासाठी सुटे भाग बनवायचं काम मिळालं, आणि त्यातून ‘रॉयल एनफिल्ड’ हे नाव आलं. बंदुकीचं नातं कंपनीने पुढे अभिमानाने मिरवलं. १९०१ साली पहिली मोटारसायकल आली आणि १९३२ मध्ये ‘बुलेट’ हे नाव आलं. आपण ओळखतो ती बुलेट मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरची, १९४८-४९ ची. तिच्या मागच्या चाकाला स्विंग आर्म आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर होते. त्या काळातल्या पुष्कळ गाड्यांना मागे स्प्रिंगच नसे, बसणाऱ्याच्या सीटखाली काय ती स्प्रिंग. म्हणजे बघा, १९४९ साली बुलेट जुनी नव्हती, काळाच्या पुढे होती. हे लक्षात ठेवा.

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय लष्कराला सीमेवर गस्त घालायला दणकट मोटारसायकल हवी होती, आणि निवड बुलेटची झाली. १९५५ साली रेडिचची कंपनी आणि मद्रास मोटर्स यांनी मिळून ‘एनफिल्ड इंडिया’ काढली. मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला कारखाना उभा राहिला. आधी विलायतेतून आलेले भाग जोडले जायचे, मग हळूहळू सगळी गाडी इथेच बनू लागली. आणि तिकडे? रेडिचचा कारखाना १९६७ साली बंद झाला, १९७० मध्ये इंग्लंडमधलं उत्पादन संपलं. माहेर मोडलं, पण सासरी दिलेली लेक नांदत राहिली.

ती तशीच का राहिली? आपण भावुक होऊन म्हणतो, की भारतीयांनी परंपरा जपली. खरं कारण रुक्ष आहे. किती माल बनवायचा याला परवाना लागे. परकीय चलनाची टंचाई असल्यामुळे नवी यंत्रं, नवे भाग आणणं अवघड. बाहेरच्या गाड्यांना दार बंद. मोटारसायकल म्हणजे ढोबळमानाने तीन पर्याय: राजदूत, म्हैसूरची जावा (पुढे येझदी) आणि बुलेट. स्कूटरसाठी तर लोक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबत. जे बनेल ते खपत असताना बदल कोण करणार आणि कशाला? बुलेट जपली गेली नाही मंडळी, ती थांबून राहिली.

पण या थांबून राहण्याचा एक परिणाम झाला, तो आजच्या विषयाचा गाभा आहे. गाडी तीच राहिली, म्हणून तिच्याबद्दलचं ज्ञान साठत गेलं. चेन्नईत बनलेल्या गाडीचं इंजिन सांगलीतला मिस्त्री डोळे मिटून खोलू शकायचा. कारण वडिलांनी खोललेलं इंजिन आणि मुलाने खोललेलं इंजिन यांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. आणि हे ज्ञान मिस्त्रीपुरतं नव्हतं. मालकालाही ते थोडंफार यावंच लागायचं. गाडी चालू करणं हीच मुळात एक परीक्षा होती.

ती कशी, ते सांगतो. नुसती किक मारून चालत नसे. आधी किल्ली फिरवायची आणि हेडलाइटच्या वर बसवलेल्या अँपिअर मीटरकडे बघायचं. किक हळूहळू दाबत गेलं, की पॉइंट उघडल्याबरोबर काटा मध्यावर येतो. याचा अर्थ पिस्टन वरच्या टोकाजवळ आला. मग डाव्या हाताची डीकॉम्प्रेशनची छोटी दांडी ओढायची, म्हणजे सिलिंडरमधली दाबलेली हवा निघून जाते. किक किंचित पुढे सरकवायची, दांडी सोडायची, किक वर आणायची आणि मग एकच सणसणीत किक. जमलं तर गाडी चालू. नाही जमलं, तर किक उलटी फिरून नडगीवर बसायची. आमच्यातल्या एकाच्या नडगीवर तो वण अजून आहे आणि कोणी विचारलं नाही तरी तो दाखवला जातो.

गाडी चालू झाली की तो आवाज. त्यात जादू काही नाही, गणित आहे. एकच सिलिंडर. व्यास ७० मिलिमीटर, पिस्टनचा प्रवास ९० मिलिमीटर, म्हणून ३४६ सीसी. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो. मिनिटाला ९०० फेऱ्या धरल्या तर सेकंदाला सात-आठ ठोके झाले, म्हणून कानाला ते सुटे सुटे ऐकू येतात. दोन ठोक्यांच्या मधलं अंतर जड फ्लायव्हील निभावून नेतं. राजदूत आणि जावा दोन स्ट्रोकच्या, त्यांत प्रत्येक फेरीला स्फोट, म्हणून आवाज सलग. आपल्या मराठीने मोटारसायकलीला ‘फटफटी’ म्हटलं ते अशाच आवाजावरून. नाव ठेवताना लोकांनी गाडीचा आकार पाहिला नाही, कान दिला.

आणखी एक खूण. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. ब्रिटिश गाड्यांची ती जुनी रीतच होती. १९७० च्या दशकाच्या मध्याला अमेरिकेने गिअर डावीकडेच हवा असा नियम केला, आणि जग त्याप्रमाणे बदललं. आपली बुलेट तेव्हा अमेरिकेकडे बघत नव्हती. त्यामुळे बाकीच्या गाड्या चालवणारा माणूस बुलेटवर बसला, की ऐन वेळी ब्रेक म्हणून गिअर दाबायचा. आम्हीही दाबलेला आहे. समोर म्हैस होती. म्हशीने समजूतदारपणा दाखवला.

मग १९८० चं दशक आलं. धोरण सैल झालं, जपानी कंपन्यांशी करार झाले, आणि १९८४ ते ८६ या काळात १०० सीसीच्या हलक्या गाड्या रस्त्यावर आल्या: इंड-सुझुकी, हिरो होंडा, यामाहा आरएक्स १००, कावासाकी बजाज. पेट्रोल कमी, कटकट कमी, आणि हिरो होंडा तर चार स्ट्रोकची असूनही आवाज मवाळ. रोज कामावर जाणाऱ्याने बुलेट सोडली, आणि त्याचं काहीच चुकलं नाही. बुलेट उरली लष्कराकडे, पोलिसांकडे, आणि ज्यांना तीच हवी होती त्या हट्टी लोकांकडे. इथे पहिल्यांदा आपल्याकडे बुलेट ‘जुनी’ झाली.

इंग्लंडमध्ये ती त्याआधीच जुनी झाली होती. १९७७ पासून मद्रासची बुलेट युरोपात जाऊ लागली. ज्या देशाने ती घडवली, तिथली माणसं स्वतःचं तरुणपण परत मिळवायला मद्रासला बनलेली गाडी विकत घेऊ लागली. जुनेपण हा विकायचा माल होऊ शकतो, हे पुढे बाकीच्यांनीही ओळखलं. ट्रायम्फचा जुना मेरिडेनचा कारखाना १९८३ साली बंद पडला. हिंकलीला नव्याने उभ्या राहिलेल्या ट्रायम्फने नव्या शतकाच्या तोंडावर बॉनव्हिल हे जुनं नाव आणि जुना आकार परत आणला. काही वर्षांनी त्यात फ्युएल इंजेक्शन आलं, तेव्हा ते जुन्या कार्ब्युरेटरसारख्या दिसणाऱ्या खोळीत लपवलं होतं. ‘क्लासिक स्टाइल’ या शब्दाचा याहून चांगला अर्थ आम्हाला माहीत नाही.

आपल्याकडे आयशरने १९९४ साली एनफिल्ड इंडिया घेतली. २००० च्या सुमारास हा धंदा चालू ठेवावा की नाही, इथपर्यंत वेळ आली होती. धूर कमी करायचे नियम कडक होत होते आणि बिडाच्या जुन्या इंजिनाला ते झेपणारे नव्हते. मग इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोळीत असलेलं नवं इंजिन आलं. गिअर डावीकडे गेला, सेल्फ स्टार्ट आला. २००९ साली ‘क्लासिक’ आली: १९५० च्या आसपासच्या रेडिचच्या गाड्यांवर बेतलेला आकार, चालवणाऱ्याच्या सीटखाली स्प्रिंगा. २०२१ च्या क्लासिकमध्ये इंजिन पुन्हा पूर्ण नवं: ३४९ सीसी, थरथर मारायला बॅलन्सर, आणि किक नाहीच. १९४९ च्या गाडीचा मोठेपणा ती नवी असण्यात होता. २००९ च्या गाडीचा मोठेपणा ती जुनी दिसण्यात आहे.

मग ही फसवणूक आहे का? आमच्यापैकी दोघांचं मत बरीच वर्षं तसंच होतं. वाईच्या त्या प्रवासात आम्ही ते पुतणीला ऐकवलंही. ती म्हणाली, “काका, मला गाडी चालवायचीय, तिच्याशी कुस्ती नाही खेळायची.” उत्तर सुचलं नाही. जुन्या बुलेटची किक ही एक चाळणी होती. वजन कमी असलेली, उंची कमी असलेली, गुडघा दुखणारी माणसं तिच्यातून गाळली जात, आणि आम्ही त्याला मर्दानगी म्हणत होतो. सेल्फच्या एका बटणाने ही गाडी कितीतरी लोकांना मिळाली, विशेषतः बायकांना. एबीएसमुळे ओल्या रस्त्यावर ब्रेक जोरात दाबला तरी चाक लॉक होत नाही. हे कमी नाही.

पण काही हरवलंय, तेही मान्य करू. आमची बुलेट ज्या मिस्त्रींकडे जायची त्यांनी दोन वर्षांपूर्वी गॅरेज बंद केलं. डोळे साथ देईनात. त्यांच्या मुलाने ते काम घेतलं नाही. टॅपेट बसवताना ते फीलर गेज क्वचितच वापरायचे. रॉड बोटांनी फिरवून बघायचे, सहज फिरला पण वर-खाली हलला नाही म्हणजे झालं. हे त्यांच्या बोटांत होतं, कुठल्या पुस्तकातून आलेलं नव्हतं. नव्या गाडीचा आकार कारखाना पुन्हा घडवू शकला. ही बोटं त्याला घडवता येणार नाहीत.

म्हणून वाटतं, की जुनेपण आपण चुकीच्या जागी शोधतो. नवी गाडी घेऊन सायलेन्सर बदलायचा आणि गल्लीत फटाके वाजवायचे, यात जुनं काही नाही. जुन्या बुलेटचा आवाज संथ होता. कंपनीतून निघालेल्या गाडीचा असा धडाका नव्हता. पोलिस ते सायलेन्सर जप्त करून रोलरखाली घालतात, त्याचं आम्हाला दुःख होत नाही.

जपायचंच असेल, तर सवय जपा. गाडी नवी असली तरी चेन स्वतः साफ करा, तेल स्वतः बघा, आपल्या इंजिनात काय चाललंय ते विचारा. आणि तुमच्या गावात असा एखादा म्हातारा मिस्त्री असेल, तर त्याच्याजवळ दोन तास बसा, मोबाइलवर चित्रण करा, हात कसा चालतो ते टिपून ठेवा. आम्ही हे उशिरा सुरू केलं. आमच्या मिस्त्रींना आम्ही आता महिन्यातून एका रविवारी घरी आणतो. ते खुर्चीत बसतात, सांगतात, आणि आम्ही करतो. मागच्या रविवारी पुतणीही आली होती. टॅपेटचा रॉड फिरवून बघताना मिस्त्री तिला म्हणाले, “ताई, जोर नका लावू, नुसतं विचारा त्याला.” तिला तो पहिल्या फेरीत जमला. आम्हाला चाळीस वर्षांत जमलेला नाही.

इथेच थांबतो.